सुरतचे चाइल्ड: बुडालेली पदवी आणि भाऊ नसलेले भाऊ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या जुन्या इतिहासात ‘सर जोसाया चाइल्ड आणि त्याचा भाऊ सर जॉन चाइल्ड’ असा उल्लेख वारंवार येतो. दोघेही ईस्ट इंडिया कंपनीचे बडे कारभारी, दोघेही बॅरोनेट, म्हणजे वारशानं चालणारं ‘सर’ लावणारे. जॉनची पदवी ‘चाइल्ड ऑफ सुरत’ या नावानं १६८५ मध्ये निघाली आणि १७५३ मध्ये नामशेष झाली. पण जोसायाच्या घरातला वारस तर १७८४ पर्यंत हयात होता. मग सख्ख्या भावाच्या घरात पुरुष माणसं असताना पदवी बुडाली कशी? आणि आज एखादा चाइल्ड पुढे येऊन ती मागू शकतो का?

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे घाईतले वाचक मोकळे. ते दोघे भाऊ नव्हते. असते तरी काही फरक पडला नसता. आणि मागायला कुणाची ना नाही, सिद्ध करताना मात्र दमछाक होईल.

मी जुन्या वंशावळी लावण्याचं काम करतो, त्यातही कंपनीच्या काळात इकडे आलेल्या इंग्रज घराण्यांच्या. या कामात पहिला धडा मिळतो तो हा, की रक्त, पैसा आणि पदवी या तीन गोष्टी तीन वाटांनी जातात. पदवी बुडाली म्हणजे वंश बुडाला असं लोक धरून चालतात आणि तिथेच गाडी घसरते. वंश बहुतेक वेळा शाबूत असतो. संपतात ते सनदेतले शब्द.

बॅरोनेटचं मराठीत कुणी ‘उमराव’ करतं, कुणी ‘सरदार’. दोन्ही चूक. बॅरोनेट हा लॉर्ड नव्हे आणि लॉर्डांच्या सभागृहात त्या पदवीवर जागा मिळत नाही. नावाआधी ‘सर’ लागतं, इतकंच. पण साध्या नाइटचं ‘सर’ त्याच्याबरोबर सरणावर जातं, बॅरोनेटचं ‘सर’ थोरल्या मुलाकडे जातं. ही पदवी जेम्स पहिल्यानं १६११ मध्ये काढली आणि ती सरळसरळ पैसे उभे करायला काढली. आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात फौज ठेवायची होती. ज्याला पदवी हवी त्यानं ३० शिपायांचा ३ वर्षांचा पगार भरायचा, दर शिपायाला रोज ८ पेन्स. तीस आठे दोनशे चाळीस, आणि तेव्हाचा पौंड २४० पेन्सांचा, म्हणजे खर्च रोज बरोबर एक पौंड. ३ वर्षांचे १,०९५ दिवस, म्हणून पदवीची किंमत १,०९५ पौंड. इतका सुटसुटीत हिशेब सरकारी कागदात क्वचितच सापडतो. पुढे ही रक्कम बहुधा माफ होऊ लागली, पण बॅरोनेटच्या ढालीवर अल्स्टरचा लाल पंजा अजूनही असतो तो त्या पगारपत्रकाची आठवण म्हणून.

आता सनदेचे शब्द. आपल्याकडच्या वतनाच्या सनदेत ‘पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने’ असं येतं. इंग्रजी सनदेतही त्याच जातीचे शब्द आहेत, पण जास्त कडक: पदवी धारकाला आणि ‘त्याच्या देहापासून औरस झालेल्या पुरुष वारसांना’. यातला प्रत्येक शब्द चाळणी आहे. ‘देहापासून’ म्हटलं की भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ सगळे गळाले, कारण ते त्याच्या बापाच्या नाहीतर आजाच्या देहापासून झालेले. ‘औरस’ म्हटलं की लग्नाबाहेरची मुलं गळाली. ‘पुरुष’ म्हटलं की मुली गळाल्याच, शिवाय मुलींचे मुलगेही गळाले. पदवी ज्याला पहिल्यांदा मिळाली त्याच्यापासून फक्त बापाकडून मुलाकडे उतरणारी रेघ. रेघेवरचा शेवटचा पुरुष गेला की पदवी गेली.

भावाकडे पदवी जावी असं वाटत असेल तर सनद काढतानाच तसं लिहून घ्यावं लागतं. मुंबईचंच उदाहरण घ्या. गिरणगावात ज्यांच्या नावाची मिल होती त्या जेकब ससून यांना १९०९ मध्ये ‘ससून ऑफ बॉम्बे’ अशी बॅरोनेटची पदवी मिळाली. त्यांच्यामागे वारस मुलगा नसला तर पदवी धाकट्या भावाकडे जावी असं सनदेतच घातलं होतं. म्हणून १९१६ मध्ये ती एडवर्डकडे गेली, १९२४ मध्ये त्याचा मुलगा व्हिक्टरकडे, आणि १९६१ मध्ये व्हिक्टर निपुत्रिक गेल्यावर संपली. जॉन चाइल्डच्या सनदेत अशी सोय नव्हती. तेव्हा जोसाया त्याचा सख्खा, जुळा भाऊ असता तरी पदवी त्याच्या घरात गेली नसती.

पण मुळात भाऊ नव्हताच. ही गोष्ट जरा सावकाश सांगण्यासारखी आहे.

जॉन चाइल्डचं बालपण आपल्या कोकणात गेलं हे फार थोड्यांना माहीत असतं. हा पोरगा दहा-एक वर्षांचा असताना राजापूरच्या इंग्रज वखारीत नातेवाइकाकडे पाठवला गेला. हा नातेवाईक तिथला वखारप्रमुख. इंग्रजी कागद त्याला नुसता ‘अंकल’ म्हणतात. आता हा काका, मामा, की मावशीचा नवरा? इंग्रजीला त्याची पर्वा नाही, मराठी माणसाला मात्र लिहिताना काहीतरी एक निवडावंच लागतं. त्याचं आडनाव गुडशॉ होतं, चाइल्ड नव्हतं. म्हणजे काका तर नक्कीच नाही. मी माझ्या टिपणात ‘मामा’ लिहितो. हे उगाच सांगत नाही. १७व्या शतकातल्या इंग्रजीत ‘ब्रदर’ हा मेहुण्यालाही म्हणत, साडूलाही म्हणत. ‘सन’ म्हणजे जावई असू शकतो. ‘कझिन’ तर कुणीही. अशा भाषेतल्या पत्रांवरून वंशावळ लावायची म्हणजे दर पावलाला खड्डा. जॉनचा मुंबईतला दुय्यम, डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड, हा त्याचा सोयरा होता. तोही पत्रांत ‘ब्रदर’ झाला की नवखा वाचक फसलाच.

राजापुरात वाढलेला हा मुलगा कंपनीच्या चाकरीत वर चढत गेला. १६८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुरतेच्या वखारीचा मुख्य झाला. मुंबई बेट १६६८ मध्ये राजानं कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिलं होतं, पण कारभाराची गादी अजून सुरतेलाच होती. म्हणजे मुंबईचा हुकूमही सुरतेहून सुटायचा. त्याच वेळी लंडनमध्ये कंपनीची सूत्रं जोसाया चाइल्डच्या हातात होती. १६८१ पासून तो कधी गव्हर्नर, कधी डेप्युटी गव्हर्नर. लंडनमध्ये एक चाइल्ड, सुरतेत दुसरा, दोघांचं धोरण एक, दोघांचा स्वभाव सारखाच रेटून नेणारा. लोकांनी भाऊ ठरवून टाकलं यात नवल नाही.

या दोघांच्या काटकसरीचा भडका मुंबईत उडाला. लंडनहून खर्च कमी करण्याचे हुकूम, सुरतेहून त्यांची अंमलबजावणी, आणि पगार कापला गेला किल्ल्यातल्या शिपायांचा. २७ डिसेंबर १६८३ रोजी मुंबईच्या पलटणीचा कप्तान रिचर्ड कीग्विन यानं वॉर्डला कैद केलं आणि बेट कंपनीच्या नव्हे तर थेट राजाच्या नावानं ताब्यात घेतलं. हा कीग्विन तोच, जो १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात मराठी आरमाराशी लढला होता. आता मुंबईचा धनी झाल्यावर त्यानं संभाजीराजांशी तह केला आणि कारभार चांगला चालवून दाखवला. अकरा महिन्यांनी, नोव्हेंबर १६८४ मध्ये, सर टॉमस ग्रँथमकडे माफीच्या अटीवर त्यानं बेट सोपवलं.

इतिहासात सरधोपट लिहिलेलं असतं की बंड मोडल्याचं बक्षीस म्हणून जॉनला बॅरोनेट केलं. मला हे पटत नाही. सनद ४ फेब्रुवारी १६८५ ची. तेव्हा मुंबईची बातमी लंडनला पोचायला सहा-सात महिने लागत. नोव्हेंबरातली शरणागती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लंडनमध्ये कळलेली असणं कठीण. म्हणजे पदवी दिली तेव्हा लंडनच्या हिशेबी बंड चालूच होतं. ते बक्षीस नव्हतं, पाठीवरचा हात होता: आमचा माणूस हाच, बंडखोरानं राजाच्या नावानं काहीही म्हटलं तरी राजा त्याच्या बाजूनं नाही. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की असं बरंच काही दिसतं. म्हणून मी कुठलंही घराणं हातात घेतलं की आधी नुसती तारखांची पट्टी तयार करतो, गोष्ट नंतर.

पदवीला गावाचं नाव जोडावं लागतं. जॉननं जोडलं ते सुरतेचं. सुरत तेव्हा पक्की मोगली, इंग्रजांची तिथे जागा म्हणजे एक वखार. ‘ऑफ सुरत’ यात मालकीचा लवलेश नाही. आपल्याकडचा सुरतकर आडनावाचा माणूस सुरतेचा मालक असतो का, तसंच ते. तरी या नावात पुढे एक खोच तयार झाली.

दोन्ही चाइल्डांनी मिळून मोगलाशी लढाई ओढवून घेतली. १६८७ मध्ये कंपनीची गादी सुरतेहून मुंबईला हलली, जॉनच्या जहाजांनी मोगल व्यापाऱ्यांचा माल धरायला सुरुवात केली, आणि औरंगजेबानं जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाला मुंबईवर सोडलं. १६८९ मध्ये सिद्दीची माणसं शिवडीला उतरली. माझगाव पडलं, माहीम पडलं, शीव पडलं, आणि इंग्रज आजच्या फोर्ट भागातल्या किल्ल्यात कोंडले गेले. त्यांच्याकडून लढायला मराठी शिपाई पगारावर ठेवलेले होते. ज्या वर्षी रायगडाच्या गादीवर आभाळ कोसळलं त्याच वर्षी पोटासाठी मुंबईच्या तटावर उभी राहिलेली ही माणसं कोण होती, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. कंपनीच्या वहीत ती फक्त संख्या म्हणून येतात.

अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश खलाशी त्या वेढ्यात मुंबईत होता. त्यानं जॉन चाइल्डवर भरपूर तोंडसुख घेतलं आहे, आणि सिद्दीला कसा उडवून लावीन याबद्दल जॉननं मारलेली एक फुशारकी तर चारचौघांत सांगण्यासारखी नाही. पण हॅमिल्टन खाजगी व्यापार करणारा, म्हणजे कंपनीचा जन्मवैरी. त्याची साक्ष घ्यावी, पण चिमूटभर मीठ घालून.

शेवटी जॉर्ज वेल्डन आणि अब्राहम नवार हे दोन वकील बादशहाच्या छावणीत गेले, हात बांधून उभे राहिले, आणि १६९० च्या फेब्रुवारीत फर्मान निघालं. दीड लाख रुपये दंड भरा, लुटलेला माल परत करा, आणि ज्यानं हा उपद्व्याप केला त्या चाइल्डला काढून टाकून हिंदुस्थानाबाहेर घालवा. फर्मान मुंबईत पोचण्याआधीच जॉन मेला होता. ४ फेब्रुवारी १६९०, सनदेला बरोबर ५ वर्षं. जूनमध्ये सिद्दी माझगावचा किल्ला जाळून निघून गेला. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या वरच्या अंगाला भंडारवाड्याची टेकडी आहे, जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, तिथेच तो किल्ला होता. मी मुंबईत असलो की संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. खाली लोकल, समोर गोदी, आणि बाकांवर पत्ते कुटणारे म्हातारे.

तर खोच ही: ज्याला बादशहानं नाव घेऊन हाकलला, त्याचा मुलगा आणि नातू इंग्लंडात ६३ वर्षं ‘सुरतचे’ म्हणून मिरवत राहिले. मुलगा सर सीझर, दुसरा बॅरोनेट, बाप गेला तेव्हा अजाण पोर. तो १७२५ मध्ये गेला. त्याच्यानंतर त्याचा मुलगा, तोही सर सीझर. तिसरा बॅरोनेट १७५३ मध्ये गेला आणि रेघ तिथे थांबली. तीन पिढ्या, ६८ वर्षं. मुलगा आणि नातवाबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. बापानं केलेल्या उलाढालीवर आरामात जगलेली माणसं.

आता जोसायाकडे. याचं घराणं वेगळं, लंडनमधल्या रिचर्ड चाइल्ड नावाच्या व्यापाऱ्याचं. जोसाया आधी पोर्ट्समथला आरमाराला रसद पुरवायचा, १६५८ मध्ये तिथला मेयर झाला, मग कंपनीचे शेअर घेत घेत कंपनीच गिळली. १६७३ मध्ये एसेक्समधली वॉनस्टेडची जहागीर विकत घेतली आणि १६७८ मध्ये ‘चाइल्ड ऑफ वॉनस्टेड’ म्हणून बॅरोनेट झाला. म्हणजे दोन सनदा, दोन गावं, दोन घराणी. १९व्या शतकातल्या चरित्रकोशांनी मात्र दोघांना भाऊ करून टाकलं आणि पुढच्यांनी ते डोळे मिटून उतरवलं. २०व्या शतकाच्या सुरुवातीला कीग्विनच्या बंडाचे कागद बारकाईनं वाचले गेले तेव्हा हे नातं उभंच राहत नाही हे पुढे आलं. तरी चूक मरत नाही. मराठीत आलेल्या मुंबईच्या इतिहासांत ती कोशांवरून आली आहे.

यात आणखी एक तिसरं चाइल्ड घराणं घुसतं, ते आधीच बाजूला ठेवा. सर फ्रान्सिस चाइल्ड, फ्लीट स्ट्रीटवरचा सराफ, १६९८ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर. त्याच्या मुलांनाही ‘सर’ मिळालं आणि तेही कंपनीत शिरले. पण ही सगळी नुसती नाइटची ‘सर’ होती, वारशानं जाणारी नव्हे. या घरातली मुलगी सारा १७८२ मध्ये वेस्टमोरलँडच्या अर्लबरोबर स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना ग्रीनला पळून गेली आणि लग्न करून आली, ती हकीकत रंगतदार आहे, पण आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

वॉनस्टेडची रेघ कशी संपली ते पाहिलं की नामशेष होणं म्हणजे काय हे नीट कळतं. जोसाया १६९९ मध्ये गेला. त्याचा मुलगा जोसाया दुसरा, तो १७०४ मध्ये निपुत्रिक गेला. मग सावत्र भाऊ रिचर्ड. इथे थांबून पाहा: भावाकडून भावाकडे पदवी गेली. मग वर मी काय म्हटलं? विरोध नाही. रिचर्ड हा दुसऱ्या बॅरोनेटचा भाऊ असला तरी पहिल्याच्या देहापासून झालेला मुलगा होता. मोजणी नेहमी पहिल्यापासून करायची. वारसांची गणितं चुकतात ती निम्मी इथे चुकतात. लोक शेवटच्या माणसापासून उलटं मोजायला लागतात.

रिचर्डनं वॉनस्टेडला कॉलिन कॅम्बेल या वास्तुकाराकडून असा वाडा बांधून घेतला की लोक लंडनहून तो बघायला जात. आयर्लंडच्या उमरावांच्या यादीत तो १७१८ मध्ये व्हायकाउंट कॅसलमेन झाला, १७३१ मध्ये त्याहून वरचा अर्ल टिल्नी. बायकोकडून टिल्नी घराण्याची मिळकत आली म्हणून चाइल्ड हे नावच टाकलं. त्याचा मुलगा जॉन, दुसरा अर्ल, आयुष्य इटलीत घालवून १७८४ मध्ये नेपल्सला अविवाहित वारला. एका माणसाबरोबर अर्ल, व्हायकाउंट, बॅरन आणि चाइल्ड ऑफ वॉनस्टेड ही बॅरोनेटची पदवी, सगळं एका दिवसात गेलं.

पण वाडा आणि जमीन कुठे गेली? बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे भाच्याकडे. हा सर जेम्स टिल्नी-लाँग स्वतः दुसऱ्या घराण्याचा बॅरोनेट. त्याचा एकुलता मुलगा १८०५ मध्ये अकराव्या वर्षी वारला, तीही बॅरोनेटची पदवी नामशेष. संपत्ती मुलीकडे, कॅथरीनकडे. सगळ्या देशानं जिच्याकडे डोळे लावले अशी ही वारसदार १८१२ मध्ये विल्यम पोल-वेलस्लीशी लग्न करून बसली. हा असईच्या लढाईतल्या आर्थर वेलस्लीचा पुतण्या. त्यानं दहा वर्षांत सगळं उधळलं. १८२२ मध्ये वॉनस्टेडच्या वाड्यातलं सामान ३२ दिवस लिलावात विकलं जात होतं, पुढे वाडाही दगड-विटांच्या भावानं मोडीत गेला. कॅथरीन १८२५ मध्ये वारली. मी तिथे गेलो आहे. बाग आहे, तळी आहेत, गोल्फचं मैदान आहे. सेंट मेरीच्या देवळात जोसायाचा भला थोरला संगमरवरी पुतळा आहे, रोमन पोशाखातला. कापडाचे आणि मिऱ्याचे भाव ठरवणारा माणूस रोमन सेनापती होऊन उभा.

आणि रक्त? ते जोरात चालू आहे. जोसायाची मुलगी रिबेका बोफर्टच्या ड्यूकच्या थोरल्या मुलाला दिली होती. त्या काळचा लेखक जॉन इव्हलिन याच्या रोजनिशीत १६८३ मध्ये नोंद आहे की बापानं हुंडा दिला ५०,००० पौंड. तिचा मुलगा पुढे बोफर्टचा दुसरा ड्यूक झाला. म्हणजे चाइल्ड ऑफ वॉनस्टेड नामशेष, आणि जोसायाचे वंशज मात्र ड्यूकच्या गादीवर.

आपल्या लोकांना इथे हमखास एक प्रश्न पडतो, मला तो कितीतरी वेळा विचारला गेला आहे: मग दत्तक का नाही घेतला? कारण त्या कायद्यात दत्तक मुलगा देहापासून झालेला नाही. आजही दत्तक मुलाला बॅरोनेटची पदवी मिळत नाही. साताऱ्याला १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी घेतलेला दत्तक कंपनीनं मानला नाही, तेव्हा इकडे सगळ्यांना तो निव्वळ बहाणा वाटला. राज्य गिळण्याचा बहाणा तो होताच. पण निर्णय घेणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात औरस पुरुष वारस नसेल तर पदवी संपते हीच रीत होती, आणि त्यांनी ती आपल्या सोयीनं दुसऱ्याच्या घराला लावली.

आता शेवटचा भाग, आज कुणी मागू शकतो का. पदवीच्या तीन अवस्था लोक एकात एक मिसळतात. नामशेष म्हणजे रेघेवर कुणी उरला नाही. सुप्त म्हणजे कुणी असू शकेल, पण कुणी सिद्ध केलेलं नाही. अधांतरी ही तिसरी अवस्था काही जुन्या बॅरनच्या पदव्यांना लागू, जिथे दोन-तीन मुलींमध्ये हक्क वाटला जातो आणि कुणालाच पूर्ण मिळत नाही. बॅरोनेटच्या नादाला लागणाऱ्यानं ती विसरून जावी. ‘नामशेष’ हा शब्द कोशात छापला म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. तो त्या वेळच्या अभ्यासकांचा निष्कर्ष असतो. त्यामुळे जॉन चाइल्डपासून निव्वळ पुरुष रेघेनं, प्रत्येक पिढीत लग्नाच्या दाखल्यासह, आपण उतरलो हे दाखवणारा कुणी आलाच तर दार बंद नाही. १९१० च्या राजाज्ञेनं बॅरोनेटांची एक अधिकृत यादी केली आहे; तिच्यात नाव चढल्याशिवाय सरकारी कागदावर कुणाला बॅरोनेट म्हणत नाहीत. तिथे पुरावा द्यावा लागतो. आणि पुरावा आता नुसता कागदाचा राहिलेला नाही. २०१६ मध्ये स्टिचिल इथल्या एका स्कॉटिश बॅरोनेटच्या पदवीचा वाद प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायमंडळापुढे गेला, तिथे डीएनए चाचणी मान्य झाली आणि पदवी दोन पिढ्या ज्या शाखेत होती तिथून निघून दुसऱ्या शाखेकडे गेली. जुनी घराणी तेव्हापासून या चाचणीचं नाव काढलं की जरा विषय बदलतात.

नुसतं आडनाव चाइल्ड असणं म्हणजे काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांनी कुठल्याशा कंपनीला बरेच पैसे देऊन घराण्याचं मानचिन्ह चौकटीत घालून आणलं होतं, खाली सोनेरी अक्षरात घराण्याचा इतिहास. लाल पंजासुद्धा होता त्यात. मी त्यांना एवढंच विचारलं, तुमच्या खापरपणजोबांचं नाव काय? ते त्यांना सांगता येईना. काम तिथून, आजपासून मागे सुरू करायचं असतं. १६८५ पासून पुढे येणारा माणूस हमखास दुसऱ्याच्या पूर्वजाला जाऊन भेटतो.

ज्यांना मूळ कागद पाहायचे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना, कारण इथे मी स्वतः एक अख्खा दिवस घालवला आहे. सुरत वखारीची दप्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहेत. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, आणि वही फोमच्या उतरत्या उशीवर ठेवून वजनाच्या दोऱ्यानं पान दाबायचं. जॉनच्या सनदेची नोंद मात्र तिथे नाही, ती लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात राजाच्या सनदांच्या गुंडाळ्यांत शोधायची. मी १६८५ म्हणून शोधत बसलो. तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून ४ फेब्रुवारी त्यांच्या लेखी अजून १६८४ च. त्यातही गुंडाळ्या लावलेल्या राजाच्या कारकिर्दीच्या वर्षांनी. चार्ल्स दुसऱ्याचं वर्ष ३० जानेवारीला सुरू होई आणि तो मेला ६ फेब्रुवारीला, म्हणजे त्याचं सदतिसावं वर्ष एकूण ८ दिवसांचं. चाइल्ड ऑफ सुरत त्या ८ दिवसांत बसतो. मागणीच्या चिठ्ठीसाठी सूची चाळताना सनाच्या मागे लागू नका, ‘चार्ल्स दुसरा, वर्ष ३७’ हे शोधा.